ऑटोमेशन स्क्रिप्टमध्ये पासवर्ड ठेवायचा कुठे? पहिल्यांदाच स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी

रोज तेच सॉफ्टवेअर उघडायचं, तोच युजरनेम टाकायचा, तोच पासवर्ड, मग तीच चार बटणं दाबून रिपोर्ट काढायचा, याचा कंटाळा आला की माणूस ऑटोहॉटकी, ऑटोइट, पायथॉन, पॉवरशेल नाहीतर पॉवर ऑटोमेट यातलं काहीतरी शिकायला घेतो. चांगलंच आहे, शिकाच. पण जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये वरच्या दोन-तीन ओळींत पासवर्ड सरळ अवतरणचिन्हात लिहिलेला असतो. माझ्याही होता. स्क्रिप्ट चालते, आनंद होतो, आणि मग ती ओळ वर्षानुवर्षं तिथेच राहते.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवलीय, ती आधीच सांगतो कारण खालचं सगळं तिच्याभोवतीच आहे. स्क्रिप्टची फाइल आत्ता, या क्षणी, एकही ओळ न खोडता कुणालाही पाठवता आली पाहिजे. पाठवायच्या आधी "थांब, एक ओळ काढतो" असं म्हणावं लागत असेल तर पासवर्ड चुकीच्या जागी आहे, मग तुम्ही त्याला कितीही गुंडाळून ठेवलेलं असो.

तुम्ही म्हणाल, फाइल माझ्याच मशीनवर तर आहे, कोण बघणार. पण फाइल एका जागी राहतच नाही हो. डेस्कटॉप फोल्डर क्लाउडला सिंक होत असतो, बॅकअप निघतो, कधी पेन ड्राइव्हवर कॉपी होते, सहकारी म्हणतो मलाही दे ती स्क्रिप्ट, काहीतरी अडलं की आपण स्क्रीनशॉट काढून मदत मागतो आणि वरची ओळ त्यात आलेली असते. गिटमध्ये (फाइलच्या प्रत्येक जुन्या आवृत्तीची नोंद ठेवणारं टूल) टाकली असेल तर अजून वाईट, कारण पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदीत, पासवर्ड खोडला तरी जुन्या कमिटमध्ये तो तसाच बसलेला असतो.

आधी जे उपाय वाटतात पण नाहीत

बेसिक्स्टीफोर, म्हणजे मजकूर ठरावीक अक्षरांत बदलून लिहायची पद्धत. पासवर्ड त्यात बदलला की अक्षरं विचित्र दिसतात म्हणून लोकांना वाटतं एन्क्रिप्ट झाला. हे फक्त एन्कोडिंग आहे, याला किल्ली वगैरे काही नसते, कुणीही एका ओळीत उलटं करतो.

ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी प्रोग्राम फाइल बनवणं. ऑटोहॉटकीची स्क्रिप्ट कम्पाइल केली तरी मूळ मजकूर त्या फाइलच्या आत रिसोर्स म्हणून ठेवलेला असतो, रिसोर्स बघायचं साधं टूल असलं की वाचता येतो. ऑटोइटच्या ईएक्सईमधून स्क्रिप्ट परत काढणारी टूल्सही आहेत. पायथॉनची पायइन्स्टॉलरने बनवलेली फाइलसुद्धा उलगडता येते. ईएक्सई ही वाटायची सोय आहे, तिला तिजोरी समजू नका.

स्वतः एन्क्रिप्ट करून किल्ली त्याच स्क्रिप्टमध्ये ठेवणं. हे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवून ठेवण्यासारखं आहे.

हॅश करणं, म्हणजे पासवर्डचं परत उलटं न करता येणारं रूप बनवणं. हा प्रश्न नवीन लोक नेहमी विचारतात की वेबसाइटवाले पासवर्ड हॅश करून ठेवतात तर मी का नको. कारण वेबसाइटला फक्त तपासायचं असतं, आलेला पासवर्ड बरोबर आहे का एवढंच, आणि त्यासाठी मूळ पासवर्ड लागत नाही. तुमच्या स्क्रिप्टला मात्र तो लॉगिनच्या खिडकीत टाइप करायचाय, म्हणजे मूळ रूपात परत मिळालाच पाहिजे, आणि हॅशमधून तो परत मिळत नाही. म्हणून आपल्याला परत उघडता येणारं एन्क्रिप्शन हवं आणि त्याची किल्ली सांभाळणारं दुसरं कुणीतरी हवं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम.

पायरी १: विंडोजची तिजोरी वापरा

विंडोजमध्ये डीपीएपीआय नावाची सोय विंडोज २००० पासून आहे. तुमच्या विंडोज लॉगिनला जोडलेली एक मास्टर की असते, तिच्या आधारे डेटा एन्क्रिप्ट होतो आणि तुमच्याच खात्यातून उघडतो. त्याच मशीनवर दुसरा युजर लॉगिन झाला तर त्याला साधेपणाने उघडता येत नाही, फाइल उचलून दुसऱ्या मशीनवर नेली तरी नाही. क्रेडेन्शियल मॅनेजर हेच वापरतो, आणि तो प्रत्येक विंडोजमध्ये आधीच असतो, वेगळं काही बसवायचं नाही.

कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्स निवडा, आणि "जेनेरिक क्रेडेन्शियल" जोडायचा पर्याय घ्या. तीन रकाने येतात: पहिल्यात एक नाव द्यायचं, जे तुमची स्क्रिप्ट नंतर शोधणार, दुसऱ्यात युजरनेम, तिसऱ्यात पासवर्ड. नाव नीट द्या, "टेस्ट" किंवा "पासवर्ड१" असलं नको, सहा महिन्यांनी बघितल्यावर कळलं पाहिजे की हे कुठल्या सॉफ्टवेअरचं आणि कुठल्या स्क्रिप्टसाठी आहे. हेच काम कमांडवरून करायचं तर सीएमडीकी नावाची कमांड आहे, पण तिला पासवर्ड त्याच ओळीत लिहून देऊ नका, पास हा पर्याय रिकामा सोडा म्हणजे ती स्वतः विचारते.

पायथॉनवाल्यांचं काम सगळ्यात सोपं आहे. कीरिंग नावाचं पॅकेज पिपने (पायथॉनची पॅकेजं बसवायची कमांड) बसवा, मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कीरिंगच्या सेट कमांडला सर्व्हिसचं नाव आणि युजरनेम द्या, ती पासवर्ड विचारेल, टाइप करताना दिसणार नाही, झालं. स्क्रिप्टमध्ये गेट पासवर्ड या फंक्शनला तीच दोन नावं दिली की पासवर्ड मिळतो. मला हे पॅकेज आवडतं कारण विंडोजवर ते क्रेडेन्शियल मॅनेजर वापरतं, मॅकवर कीचेन आणि लिनक्सवर सिक्रेट सर्व्हिस किंवा केवॉलेट, आणि तुमची ओळ मात्र तीच राहते.

इथे एक चूक फार लोक करतात: सेट पासवर्डची ओळ स्क्रिप्टमध्येच लिहितात आणि ती तशीच ठेवतात. मग पासवर्ड तिजोरीतही गेला आणि फाइलमध्येही राहिला. ठेवायचं काम एकदाच, टर्मिनलमध्ये, हाताने.

पॉवरशेलमध्ये गेट-क्रेडेन्शियल चालवलं की छोटी खिडकी येते, त्यात भरा, आणि एक्स्पोर्ट-सीएलआयएक्सएमएलने फाइलमध्ये साठवा. विंडोजवर ही फाइल डीपीएपीआयने एन्क्रिप्ट होते, इम्पोर्ट करून वापरायची. पण हीच कमांड लिनक्स किंवा मॅकवर चालवली तर पासवर्ड खऱ्या अर्थाने एन्क्रिप्ट होत नाही, म्हणून तिकडे ही पद्धत वापरू नका. बऱ्याच स्क्रिप्ट असतील तर पासवर्डसारखी गुपितं साठवणारी मायक्रोसॉफ्टची सिक्रेट मॅनेजमेंट आणि सिक्रेट स्टोअर ही मॉड्यूल्स बघा.

ऑटोहॉटकीमध्ये थेट कमांड नाही, विंडोजचं क्रेडरीड हे फंक्शन डीएलएलकॉलमधून (विंडोजची आतली फंक्शन्स बोलवायची सोय) बोलवावं लागतं. ऐकायला अवघड वाटतं पण पंधरा-वीस ओळींचं काम आहे, एकदा फंक्शन लिहून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं की सगळ्या स्क्रिप्टमध्ये इन्क्लूड करता येतं. कुणाचं तयार फंक्शन उचललंत तर आधी वाचून काढा, पासवर्ड हाताळणारा कोड न वाचता चालवायचा नाही.

पॉवर ऑटोमेट डेस्कटॉपमध्ये व्हेरिएबल "सेन्सिटिव्ह" म्हणून मार्क करता येतं, मग त्याची किंमत डिबग करताना आणि लॉगमध्ये झाकलेली राहते. यूआयपाथ या ऑटोमेशन टूलवर काम करणाऱ्यांनी त्याच्या ऑर्केस्ट्रेटर या नियंत्रण भागातलं क्रेडेन्शियल अॅसेट वापरावं, ते त्यासाठीच दिलंय.

आधीच पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर कीपासएक्ससी, बिटवॉर्डन, वनपासवर्ड या सगळ्यांना कमांड लाइन आहे, स्क्रिप्ट तिथून पासवर्ड मागू शकते. फक्त मास्टर पासवर्ड कुठल्याही फाइलमध्ये नको, तो तुम्ही दिवसातून एकदा हाताने टाका. आणि तुमचं काम फक्त लॉगिन भरण्यापुरतंच असेल तर कीपासचं ऑटो-टाइपच पुरेल कदाचित, स्क्रिप्टची गरजच नाही.

मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमने प्रोग्रामना पुरवलेल्या किमती) आणि तशाच किमती लिहायची डॉट-ईएनव्ही फाइल? स्क्रिप्टमध्येच लिहिण्यापेक्षा बरं, कारण स्क्रिप्ट तरी स्वच्छ राहते. पण विंडोजमध्ये सेटएक्स कमांडने ठेवलेली किंमत रजिस्ट्रीमध्ये उघडीच असते आणि तुम्ही चालू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला ती मिळते. डॉट-ईएनव्ही वापरत असाल तर पहिल्याच मिनिटाला गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सची यादी) टाका. स्वतःच्या डेस्कटॉपवर तिजोरी हाताशी असताना मी तरी हे वापरणार नाही.

पायरी २: तिजोरीची मर्यादा ओळखा

हे स्पष्ट सांगायलाच हवं. तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जेनेरिक पासवर्ड मागू शकतो आणि विंडोज देतं, कारण तुमची स्क्रिप्टही तेच करते. म्हणजे मशीनमध्ये मालवेअर शिरलं तर ही तिजोरी वाचवत नाही. ती वाचवते ते फाइल इकडेतिकडे गेल्यावर, दुसऱ्या युजरपासून, बॅकअपमधून, कुणी डोकावल्यावर. लॅपटॉप चोरीला जायची भीती असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू करा आणि उठताना स्क्रीन लॉक करायची सवय लावा, अनलॉक ठेवलेल्या मशीनवर सगळंच उघडं आहे.

अजून एक, लोकल खात्याचा पासवर्ड तुम्ही स्वतः बदललात तर तिजोरी चालू राहते, पण अॅडमिनने बाहेरून रिसेट केला तर डीपीएपीआयने एन्क्रिप्ट केलेलं जुनं उघडत नाही. म्हणून तिजोरीतली प्रत ही एकमेव प्रत नको, मूळ पासवर्ड तुमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असू द्या.

पायरी ३: टाइप करतानाची गळती

लेख वाचून लोक तिजोरीपर्यंत बरोबर येतात आणि इथे घसरतात. मी इथेच घसरलो होतो. पासवर्ड व्यवस्थित तिजोरीत होता, स्क्रिप्टने तो काढला, लॉगिनच्या खिडकीची वाट बघायला दोन सेकंद थांबली आणि टाइप करायला लागली, आणि नेमक्या त्या दोन सेकंदांत चॅटची खिडकी पुढे आली. पासवर्ड ग्रुपमध्ये गेला, वर एंटरही दाबला गेला. मेसेज डिलीट केला पण पासवर्ड लगेच बदलावाच लागला, कारण तो किती जणांनी पाहिला ते सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम असा की ठरावीक सेकंद थांबून टाइप करायचंच नाही. आधी नेमकी खिडकी उघडून पुढे येईपर्यंत वाट बघायची, ऑटोहॉटकीत त्याला विनवेटअॅक्टिव्ह आहे, मग टाइप करायच्या अगदी आधी परत एकदा तपासायचं की तीच खिडकी पुढे आहे ना, नसेल तर तिथेच थांबायचं आणि एरर दाखवायची. त्याहून चांगलं म्हणजे कीबोर्डचा खेळच टाळायचा आणि मजकूर थेट त्या रकान्यात टाकायचा: ऑटोहॉटकीत कंट्रोलसेटटेक्स्ट, पायथॉनच्या पायविनऑटो पॅकेजमध्ये सेट-एडिट-टेक्स्ट. पुढे कुठलीही खिडकी येवो, मजकूर त्याच रकान्यात जातो. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हे चालत नाही, पण आधी करून बघा.

दुसरी भानगड खास चिन्हांची. ऑटोहॉटकीच्या सेंडमध्ये + म्हणजे शिफ्ट, ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे ऑल्ट आणि # म्हणजे विंडोजचं बटण. तुमच्या पासवर्डमध्ये यातलं काही असेल, आणि चांगल्या पासवर्डमध्ये असतंच, तर भलताच मजकूर टाइप होतो. पॉवरशेल किंवा व्हीबीस्क्रिप्टच्या सेंडकीजमध्ये ~ म्हणजे चक्क एंटर, अर्धा पासवर्ड टाकून फॉर्म सबमिट. नवीन माणूस यावर उपाय म्हणून पासवर्ड सोपा करतो, तसं अजिबात करू नका, ऑटोहॉटकीत सेंडटेक्स्ट किंवा टेक्स्ट मोड वापरा, त्यात चिन्हं जशीच्या तशी जातात. कीबोर्ड लेआउटही बघून घ्या, दुसऱ्या भाषेचा लेआउट चालू असेल तर काही टूल्समध्ये अक्षरं बदलतात, आणि कॅप्स लॉक तर आहेच.

आणि चुकला तर परत परत प्रयत्न करणारा लूप लिहू नका. लॉगिन एकदाच करून बघायचं, नाही झालं तर थांबायचं. नाहीतर पासवर्डची मुदत संपलेल्या दिवशी स्क्रिप्ट पाच वेळा जुना पासवर्ड टाकून खातं लॉक करून ठेवते.

क्लिपबोर्डवरून पेस्ट करणं सोपं वाटतं पण टाळा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून क्लिपबोर्ड हिस्टरी आली, विंडोज आणि व्ही दाबलं की मागचे २५ पर्यंत आयटम दिसतात, आणि सिंक चालू असेल तर दुसऱ्या डिव्हाइसवरही जातात. पेस्ट करून क्लिपबोर्ड रिकामा केला तरी हिस्टरीमध्ये प्रत राहू शकते.

पायरी ४: मागे राहणारे ठसे पुसा

ऑटोहॉटकीच्या ट्रे आयकॉनवर डबलक्लिक करून बघा एकदा. नुकत्याच चाललेल्या ओळी, दाबलेल्या कीज, ग्लोबल व्हेरिएबल्स आणि त्यांच्या किमती, सगळं तिथे बघता येतं. म्हणून पासवर्ड ग्लोबल व्हेरिएबलमध्ये नको, फंक्शनच्या आत घ्या, वापरा, रिकामा करा, आणि त्या स्क्रिप्टसाठी लिस्टलाइन्स (चाललेल्या ओळींची नोंद) आणि की हिस्टरी (दाबलेल्या कीजची नोंद) बंद ठेवा.

पासवर्ड कमांड लाइनचा आर्ग्युमेंट म्हणून देऊ नका. टास्क मॅनेजरमध्ये कमांड लाइनचा रकाना चालू केला की तो दिसतो, आणि पॉवरशेलमध्ये टाइप केलेल्या कमांड्स हिस्टरीच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठतात.

डिबग करताना आपण सगळीकडे प्रिंट टाकतो. पासवर्ड प्रिंट करायचा मोह झाला तर त्याची लांबी प्रिंट करा, शून्य आली तर तिजोरीतून काही आलंच नाही हे कळतं, आणि बहुतेक वेळा तेवढंच बघायचं असतं. एरर आल्यावर स्क्रीनशॉट काढणारी स्क्रिप्ट असेल तर लॉगिनच्या टप्प्यात तो बंद ठेवा, काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डचा रकाना ठिपक्यांऐवजी उघडी अक्षरं दाखवतो.

ब्राउझरचं काम असेल तर कीबोर्ड-माउसच्या टूलपेक्षा ब्राउझर चालवण्यासाठीच बनलेलं प्लेराइट किंवा सेलेनियम घ्या. प्लेराइटमध्ये लॉगिन झालेली अवस्था फाइलमध्ये साठवून पुढच्या वेळी वापरता येते, पासवर्ड रोज लागत नाही. फक्त त्या फाइलमध्ये कुकीज असतात, ती ज्याच्या हातात पडली तो तुमच्या नावाने आत जाऊ शकतो, तेव्हा तिलाही पासवर्डइतकंच जपा, गिटमध्ये नको, सिंक फोल्डरमध्ये नको.

पायरी ५: रात्री आपोआप चालवायचं असेल तर

टास्क शेड्युलरमध्ये "युजर लॉगिन असो वा नसो चालवा" हा पर्याय निवडला की खिडक्या दिसतच नाहीत, त्यामुळे बटण दाबणारी स्क्रिप्ट चालत नाही. लॉक स्क्रीनवरही तेच. मग लोक मशीन अनलॉक ठेवतात किंवा रजिस्ट्रीमध्ये ऑटो लॉगिनचा पासवर्ड उघडा लिहून ठेवतात, आणि वरची सगळी मेहनत वाया जाते. ऑटो लॉगिन लागतच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स टूल्समधलं ऑटोलॉगॉन वापरा, ते पासवर्ड निदान एन्क्रिप्ट करून ठेवतं, जरी अॅडमिन हक्क असलेल्याला तो काढता येतो. असं मशीन वेगळं ठेवा, कुलपात, आणि त्यावर दुसरं काही नको.

तिजोरीत ठेवणारा युजर आणि टास्क चालवणारा युजर एकच हवा हे विसरू नका. "माझ्याकडे चालतं, शेड्युलरमधून पासवर्ड रिकामा येतो" याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं: पासवर्ड तुमच्या खात्यात ठेवलाय आणि टास्क विंडोजच्या "सिस्टिम" नावाच्या खात्याने चालतोय. टास्क ज्या खात्याने चालणार त्याच खात्यात लॉगिन होऊन पासवर्ड ठेवा.

पायरी ६: खातंच लहान करा

शक्य असेल तिथे स्क्रिप्टसाठी वेगळं खातं मागून घ्या, त्याला फक्त लागतील तेवढेच हक्क. रिपोर्ट काढायचाय तर वाचायचा हक्क पुरे. सॉफ्टवेअरला एपीआय टोकनची, म्हणजे प्रोग्रामने आत शिरायला वापरायच्या वेगळ्या गुप्त मजकुराची, सोय असेल तर पासवर्डऐवजी तेच घ्या, टोकन एका कामापुरतं देता येतं आणि बाकी काही न हलवता रद्द करता येतं. टोकनही तिजोरीतच ठेवायचं, पण क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये एका नोंदीला २५६० बाइटची मर्यादा आहे, फार लांब टोकन बसत नाही आणि मग जी एरर येते तिने डोकं फिरतं.

स्क्रिप्टला अडतं म्हणून टू-फॅक्टर बंद करू नका. आणि ओटीपी बनवायची गुप्त किल्ली पासवर्डच्या शेजारी त्याच तिजोरीत ठेवली तर दोन फॅक्टर उरतच नाहीत, एकच उरतो. दिवसातून एकदा कोड हाताने टाकणं परवडतं, स्क्रिप्टने तिथे थांबून तुमची वाट बघावी.

जुन्या स्क्रिप्टचं काय

स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये "पासवर्ड", "पास", "पीडब्ल्यूडी", "टोकन" हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधा, आणि तुमच्या नेहमीच्या पासवर्डची पहिली तीन-चार अक्षरं पण शोधा, कारण काही वेळा व्हेरिएबलचं नाव भलतंच असतं. जो सापडेल तो आधी बदला, मग नवीन पासवर्ड तिजोरीत टाका, मग स्क्रिप्ट सुधारा. क्रम हाच. गिटमध्ये गेला असेल तर फिल्टर-रेपो या टूलने हिस्टरी साफ करता येते, पण ती कुणी आधीच क्लोन, म्हणजे स्वतःच्या मशीनवर कॉपी, केली असेल तर त्यांच्याकडची प्रत तशीच राहते, म्हणून जुना पासवर्ड बाद झाल्याशिवाय साफसफाईला हातच लावू नका. डाउनलोड्समधल्या झिप फाइल्स आणि मेलच्या सेंट फोल्डरमधल्या अटॅचमेंट्सही बघा, माझी सगळ्यात जुनी प्रत तिथेच सापडली होती.